कोऱ्या पानावरची सही

तापीवर खाली बंधारा झाला आणि आमची वस्ती कायमची बेटावर गेली. आधी उन्हाळ्यात पायी पलीकडे जायचो, आता बारा महिने पाणी. अकरा घरं आमची, आणि सगळ्यांत मिळून एक होडी, तीही वल्ह्याची. ग्रामपंचायत पलीकडच्या काठावर. बाईची जागा निघाली तेव्हा बेटावरनं मी मेंबर झाले, कारण वाचता येणारी बाई मीच. शाळा नाही बरं का! खताच्या गोण्यांवरची अक्षरं बघून बघून शिकले.

आता आमची रीत ऐका. ग्रामसभेला एका होडीतनं सगळं बेट कसं जाणार? म्हणून सभा झाली की शिपाई रजिस्टर घेऊन बेटावर यायचा. पानाच्या वरच्या अंगाला दोन ओळी कोऱ्या, खाली आमच्या सह्या आणि अंगठे. ठराव ग्रामसेवक मागून सावकाश लिहायचा. सह्या आधी, ठराव मागून. कितीतरी वर्षं असंच चाललं. मी मेंबर, पण मीही कधी विचारलं नाही. आज सांगायला लाज वाटते.

मागच्या हिवाळ्यात मात्र शिपाई आला नाही, ग्रामसेवक स्वतः आला. हा माणूस होडीला घाबरतो. बेटावर कधी चहासुद्धा घेत नाही, परत जायची घाई. त्या दिवशी चहा घेतला. वर म्हणाला, "अक्का, गुडघा कसा आहे?" माझ्या गुडघ्याची चौकशी माझ्या सुनेनं कधी केली नाही, आणि याला कुठला पुळका? माझ्या मनात पाल चुकचुकली.

त्या महिन्यात पलीकडे कुजबुज होती की बेट रिकामं करायचं, लोक राजीखुशीनं काठावर यायला तयार आहेत असं लिहून घ्यायचं. खरं-खोटं देव जाणे. पण एकदा कागदावर वस्ती उठली, की आमची केळी, आमची चूल, बठ्ठं गेलं.

रजिस्टर उघडलं. दोन ओळी नाहीत, सबंध पान कोरं! सह्यांची जागा अगदी तळाला.

"भाऊ, इतकी जागा कशाला?"

"ठराव मोठा आहे, अक्का. होडीचा आहे, इंजिनवाली होडी मिळतेय आपल्याला."

"मग लिहा की आत्ताच."

"नमुना ऑफिसात आहे. तोच शब्दन् शब्द उतरवावा लागतो. तुमचा विश्वास नाही का?"

"विश्वास आहे हो. पण पान फार मोठं आहे."

माझे थोरले दीर बाजूला तंबाखू मळत होते. ते डाफरले, "साहेब सोता बेटवर उनात, आनि तू कागद तपासस?" सगळं बेट अंगणात जमलं होतं. कुणी हसलं, कुणी म्हणालं की मेंबर झाली नि डोकं फिरलं. दीर तर अंगठ्याला शाई लावून बसलेले. मला त्यांचाही संशय आला हो! त्यांच्या पोराला काठावर प्लॉट हवा होता, ठाऊक होतं मला.

मग मी ग्रामसेवकाच्या हातातलं पेन घेतलं आणि त्या पानावर मोठमोठ्या अक्षरांत लिहिलं: आम्ही अकरा घरं या बेटावर राहतो, आणि इथेच राहणार आहोत. ओळी इतक्या लांब ओढल्या की सह्यांच्या वर बोटभर जागा उरली नाही. खाली सही केली.

"घ्या, आता करा बठ्ठे सह्या."

ग्रामसेवकानं कपाळावर हात मारला. "अहो अक्का, हे काय केलंत! पानांवर नंबर आहेत, फाडताही येत नाही. होडीचा प्रस्ताव उद्या चोपड्याला तालुक्याच्या ऑफिसात द्यायचा होता. नवीन सभा म्हणजे सात दिवसांची नोटीस!"

मी म्हटलं, "होडी खरी असेल तर सात दिवसांनी पण येईल."

नाही आली. पलीकडच्या एका वस्तीला गेली म्हणतात. बेट रिकामं करायचा कागदही आला नाही. म्हणजे माझ्या सहीमुळे होडी गेली की वस्ती वाचली, कोण सांगणार? ग्रामसेवक आता ठराव आधी लिहून पाठवतो, स्वतः येत नाही. मी प्रत्येक ओळ दोनदा वाचते. शिपाई बिचारा कंटाळून होडीतच झोपतो.

परवा बाजारासाठी केळीचे घड पलीकडे न्यायचे होते. वारा उलटा होता. दीरांचे हात भरून आले, तशी वल्हं माझ्याकडे ढकलून म्हणाले, "ले, आते वल्हाव तुन्हा ठराव वरी!"

होडीतले सगळे हसले. मी वल्हं घेतलं. गुडघा दुखत होता, तरी वल्हवत राहिले. मनात एकच चाललं होतं: होडी मागायला सबंध पान कशाला लागतं?