देवाचा कौल आणि माझे बिल्ले

पालीजवळच्या एका गावची देवराई मोजायला मी गेले, तेव्हा डोक्यात शास्त्राची हवा भरपूर होती. झाडं किती, जातीची कुठली, बुंध्याचा घेर केवढा, हे सगळं लिहून अहवाल द्यायचा. त्यावरून राई संरक्षित यादीत घालायची की शेजारची चिरेखाण तिच्यात शिरू द्यायची, ते वर ठरणार होतं. थोडक्यात, राईचा जीव माझ्या वहीत आहे, अशी माझी समजूत होती.

देवळाचे गुरवमामा म्हणाले, "आदी कौल लावूया."

त्यांनी दगडाच्या देवाला दोन कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली. माझा पारा चढला. मुदत संपत आली होती आणि एक कळी आडवी येत होती!

"देव तुला नाय म्हनत नाय, बाय," मामा म्हणाले. "तू करनार काय, ते नीट सांग."

प्रत्येक झाडाला खिळ्याने नंबराचा बिल्ला ठोकणार, मी सांगितलं. मामांनी नुसतं माझ्या हातोडीकडे पाहिलं. मी ती मुकाट्याने पिशवीत टाकली. दोऱ्याने बांधते म्हटल्यावर मामांनी नव्याने गाऱ्हाणं घातलं आणि उजवी कळी टपकन पडली. देवाशीही घासाघीस करता येते, हे कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

पालीच्या बाजारात लाल दोरा तेवढा मिळाला. तीन दिवस बांधत सुटले. चौथ्या दिवशी पाहते तर मी न मोजलेल्या झाडांनाही लाल दोरे! नवसाचे दोरे समजून गावातल्या बायकांनी आपापले नवस बोलून घेतले होते. मी जाम चिडले. मग बिल्ले शोधत सगळं पुन्हा मोजलं.

अहवाल वेळेत गेला आणि कुठल्याशा टेबलावर झोपला. खाणवाला मात्र जागा होता. त्याने झाडं तोडायला माणसं आणली. त्यांनी दोरे पाहिले, कुऱ्हाडी खाली ठेवल्या, हात जोडले आणि ती निघून गेली. दुसऱ्याचा नवस तोडून आपल्या पोराबाळांवर देवाचा कोप कोण ओढवून घेणार?

मामांनी हे फोनवर सांगितलं तेव्हा मी आनंदाने ओरडलेच. वहीची थोडी लाजही वाटली.

"आता नारळ घेवन ये," मामा म्हणाले. "पयला दोरा तुझाच ना? नवस फेडायला नको?"

दर वर्षी जाते. यंदा नारळासोबत लाल दोऱ्याची दोन रिळंही नेली. अहवाल अजून टेबलावरच आहे.