पेटीच्या तळाचं पांढरं कापड

आमच्या दवाखान्यात सकाळी दहापर्यंत निदान सात बायका मला सांगतात, की त्यांना 'थंडी बसली आहे'. तीही ऑगस्टात, आमच्या महदिया शहराच्या उन्हात! पोटात दुखतंय, थंडी. पाळी चुकली, थंडी. खाली खाज सुटली, तीही फरशीवर अनवाणी चालल्याने बसलेली थंडीच. मी नझीहा, नोंदवहीवर बसते. एकोणीस वर्षं हे ऐकून माझं डोकं उठलं आहे.

आमची सुईण दलेंदा, सगळ्यांची लल्ला, म्हणजे ताई, मात्र हार मानत नाही. बाईला समोर बसवते, भिंतीवरच्या शरीराच्या चित्रावर पट्टी टेकवते आणि म्हणते, "इथे दुखतं की इथे? नाव घे. योनी म्हण. जीभ झडत नाही." त्या चित्रावर कुणीतरी तीनदा लसीकरणाचं वेळापत्रक चिकटवलं. तिन्ही वेळा दलेंदाने ते फाडून काढलं.

लग्न ठरलेल्या मुली आल्या की ती आणखी कडक होते. निकाहाआधी वैद्यकीय दाखला लागतो, आणि घरच्यांना हवा असतो फक्त शिक्का. दलेंदा मुलीच्या आईला माझ्याजवळ बसवून दार लावते. दार पातळ आहे, त्यामुळे मला सगळं पाठ झालं आहे. रक्त कशासाठी तपासतात, कुठले आजार संबंधांतून लागतात, निरोध, गोळ्या. 'नको' म्हणायचा हक्क लग्नानंतरही राहतो. आणि योनिपटल: पहिल्या वेळी कुणाला रक्त येतं, कुणाला येत नाही, त्यावरून कुणालाही काहीही कळत नाही.

हे सगळं जगाला सांगणाऱ्या बाईच्या घरी, तिच्या एकुलत्या एका मुलीचं, अरीजचं लग्नाचं सामान पेटीत भरायला मी गेले होते. टॉवेलांच्या खाली, पेटीच्या तळाशी, पांढरं सुती कापड निघालं. चारी कडांना भरतकाम. टाके दलेंदाचेच.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"ठेव तिथे."

"लल्ला, हे काय आहे म्हणते मी!"

"मन्नूबियाने मागितलंय." मन्नूबिया म्हणजे अरीजची होणारी सासू. "पहिल्या रात्रीनंतर बाहेर दाखवायला. त्यांच्याकडे चालत आलंय. एका कापडाने काय होतंय? ऐन लग्नात वाद नकोत."

"आणि डाग नाही पडला तर?"

घडी घातलेल्या टॉवेलाची तिने पुन्हा घडी घातली. "पडेल."

"पडेल? हे तू बोलतेस? लोकांच्या पोरींना काय सांगतेस, आठवतंय का?"

माझा असा संताप झाला, की ते कापड तिच्या अंगावर फेकावं वाटलं. तेवढ्यात दारात अरीज दिसली, हातात चहाचा ट्रे. ट्रे ठेवून निघून गेली.

मंगळवारी सकाळी आठला अरीज दवाखान्यात हजर. मी म्हटलं, "जा सरळ आत."

"नको मावशी, नंबर द्या."

अकरावा नंबर घेऊन ती थंडीवाल्या बायकांमध्ये अडीच तास बसली. आत गेली तेव्हा दार मुद्दाम उघडं ठेवलं.

"अगं, तू? घरी काय झालं?" दलेंदा दचकली.

"नाव अरीज. वय चोवीस. शनिवारी लग्न आहे. सगळ्या मुलींना सांगता ते मला सांगा."

"घरी बोलू, बाळा."

"घरी महिनाभर विचारतेय. घरी तुम्ही म्हणता, आपोआप कळेल."

आईला ती जन्मात पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणत होती. दलेंदाने पट्टी उचलली. पहिल्यापासून सुरू केलं, काही गाळलं नाही. पट्टी योनिपटलापाशी आली आणि थांबली. अरीजने पिशवीतून ते कापड काढून टेबलावर ठेवलं.

"हे कशाला लागतं ते पण सांगा. रक्त आलं नाही तर बाहेर काय दाखवू? आणि त्या रात्री मला भीती वाटली, नको वाटलं, तर? बाहेर बायका कापडाची वाट बघत बसल्यात म्हणून हो म्हणू?"

दलेंदा रडायला लागली. मला दया आली नाही, खरं सांगते. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "माझ्या वेळी आलं नव्हतं. तुझ्या आजीने स्वतःचं बोट कापलं."

एकोणीस वर्षं शेजारी बसून मला हे माहीत नव्हतं.

अरीज आईजवळ गेली. "मग माझ्या वेळी तू कुठलं बोट कापणार होतीस, उम्मी?"

दलेंदाने डोळे पुसले आणि तिथूनच मन्नूबियाला फोन लावला. बाहेरच्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कापड येणार नाही. लोकांना काय सांगायचं ते तू बघ. आणि मागायचंच असेल तर मी मागते. तुझ्या लेकाच्या, वस्सीमच्या रक्ताचा रिपोर्ट पाठव. शिक्का नको, रिपोर्ट!"

फोन पलीकडून आपटला गेला. दोन दिवस आमचा जीव टांगणीला. गुरुवारी दुपारी वस्सीम घामाघूम होऊन आला आणि त्याने लिफाफा दलेंदापुढे धरला.

"माझ्याकडे नको," ती म्हणाली. "लग्न तिचं आहे."

अरीजने रिपोर्ट ओळ न् ओळ वाचला. दोन शब्दांचे अर्थ विचारले, दलेंदाने सांगितले. मग अरीजने स्वतःचा रिपोर्ट वस्सीमच्या हातात दिला.

ते कापड आता तपासणीच्या पलंगावर अंथरलेलं असतं. बायका भरतकामावर हात फिरवतात, कुणी केलं विचारतात, आणि मग म्हणतात, थंडी बसली आहे.