तासाभराचं ‘हो’

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, फोनवर इतकं मुलायम बोलायचे की ताई म्हणायची, “मलाही अधूनमधून ऑफिसातूनच फोन करत जा.” सरकारी रोजगार प्रशिक्षण घेतलेल्यांना सहा महिन्यांनी फोन करायचा आणि काम मिळालं का ते विचारायचं, ही त्यांची नोकरी. एका खोलीत आठ टेबलं, आठ हेडफोन, आणि त्यांतला दोन्ही कानांनी ऐकू येणारा एकच. तो भाऊजींचा. कारण सगळ्यात जास्त ‘हो’ तेच मिळवायचे. ऑफिसात त्यांचं नावच पडलं होतं, होकारमास्तर.

त्यांची किमया एका प्रश्नात होती. ‘गेल्या सात दिवसांत मोबदला घेऊन निदान एक तास काम केलंत का?’ समोरचा ‘नाही’ म्हणाला की इतर लोक पुढचा नंबर फिरवत. भाऊजी म्हणत, “असं कसं? आठवून बघा. शेजाऱ्यांचं काही शिवून दिलंत? कुणाची मोटार धुतलीत?” माणूस आठवून आठवून एखादा तास शोधून काढायचा आणि भाऊजी ‘हो’वर खूण करायचे. खोटं एक अक्षर नाही. सगळं नियमात. अहवालात आकडा आला: शंभरातले एक्क्याण्णव कामाला लागले.

हा आकडा भाऊजींनी घरीदारी मिरवला. त्यांची पुतणी औषधांच्या दुकानात चार वर्षं काउंटर सांभाळत होती. तिला म्हणाले, “गोळ्या मोजत किती दिवस बसणार? आमच्याकडचा वीजदुरुस्तीचा कोर्स कर. शंभरात एक्क्याण्णव!” पोरीने काकाच्या शब्दावर नोकरी सोडली.

कोर्स संपून सहा महिने झाले आणि तिचं नाव भाऊजींच्याच यादीत आलं. नातेवाइकाचा फोन दुसऱ्याकडे द्यायचा, असा नियम होता. पण दुसऱ्याला ‘नाही’ मिळालं तर? भाऊजींनी नाव स्वतःकडेच ठेवलं.

“नमस्कार, प्रशिक्षणाच्या पाठपुरावा पाहणीतून बोलतोय. आपली दोन मिनिटं—”

“काका, सर्दी झालीय का? आवाज असा काय?”

“ऑफिसातून बोलतोय गं. आपण सध्या काम करता?”

“आपण घरी बसलोय.”

“गेल्या सात दिवसांत? तासभर तरी?”

“नाही.”

“नीट आठव.”

ती म्हणाली, “रविवारी तुमचा पंखा दुरुस्त केला. मी नको म्हणत असताना काकूने हातात पैसे कोंबले. तो तास धरणार?”

सवयीने भाऊजींच्या बोटाने ‘हो’ दाबलंसुद्धा. हेडफोन इतका चांगला की तिकडे तिने तो ‘टिक्’ आवाज ऐकला की काय, कोण जाणे.

“काका, त्या एक्क्याण्णवांत असे पंखे किती होते?”

भाऊजींच्या तोंडून निघालं, “आपल्या वेळेबद्दल धन्यवाद,” आणि त्यांनी फोन ठेवला. नंतर हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. चहाच्या बशीकडे बघत होते. “अरे, पोरीला धन्यवाद म्हणालो,” असं तीनदा म्हणाले.

त्यांनी साहेबांना तिचं उत्तर बदलून ‘नाही’ करायला सांगितलं. साहेब म्हणाले, “पैसे घेतले, तास भरला. नियमात बसतंय ना? मग तुम्हाला काय टोचतंय?”

काय टोचतंय ते साहेबांच्या रकान्यात मावणारं नव्हतं. भाऊजी अर्ध्या दिवसाची रजा टाकून भावाच्या घरी गेले. पुतणीने दार उघडलं. “तसे पंखे बरेच होते,” ते उंबऱ्यातूनच म्हणाले, “मीच शोधून काढलेले.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती चपला घालत म्हणाली, “मग दुकानात माझ्याबरोबर चला. परत घ्या म्हणायला एकटीला लाज वाटते.”

काउंटरवर नवी मुलगी बसली होती. दुकानदार आतून हसत आला. “अगं, तू इकडे कशी? तुमच्या कोर्सातले तर सगळे कामाला लागतात म्हणे. पेपरात वाचलं मी.”

औषधं घ्यायला आलेली चार माणसं ऐकत होती. भाऊजींनी घसा खाकरला, पण फोनवरचा तो आवाज काही आला नाही.

“तो आकडा माझा आहे,” ते म्हणाले. “त्याच्यावर जाऊ नका. हिला काम नाहीये.”

दुकानदाराने नव्या मुलीकडे पाहिलं, मग पुतणीकडे. “जागा तर भरली. फोन नंबर ठेवून जा.”

पुतणी नंबर लिहू लागली. भाऊजी शेजारी उभे होते, खाली मान घालून.