पांढऱ्या रश्शातलं गाजर

गाजरावर माझ्या मावशीच्या यजमानांइतका विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात झाला नसेल, आणि मटणाच्या रश्शाचा इतका अपमान करणाराही नसेल. सत्तरच्या दशकात मावशीची नजर अधू होत चालली. औषध लिहून देताना डॉक्टर सहज बोलून गेले, "रोजच्या जेवणात गाजर असू द्या, डोळ्यांना चांगलं." झालं! काका मंडईतून पिशव्या भरभरून गाजरं आणू लागले. भाकरीच्या पिठात कीस, आमटीत फोडी, कोशिंबीर तर हवीच. मावशीला एकटीला पथ्याचं ताट वाढलं तर ती मनानं खचेल, म्हणून घरात सगळ्यांनी तेच खायचं, असा कायदा होता. मंगळवार पेठेतल्या तालमीत जाऊन त्यांनी पैलवानांनाही ऐकवलं, "बदाम कशाला घोटताय? गाजर खावा की! अंगाला लागतंय, पोट साफ ऱ्हातंय." वस्तादांनी त्यांना अदबीनं दारापर्यंत पोचवलं.

कहर झाला तो एका रविवारी. कोडोलीहून त्यांच्या मुलीच्या सासरची मंडळी रश्शाला आली होती. काकांनी सगळ्यांचं लक्ष चुकवून पांढऱ्या रश्शाच्या पातेल्यात गाजराचा कीस सोडला. वाटीतला केशरी प्रकार पाहून व्याही गडबडले.

"ह्यो तांबडा व्हय?"

"पांढराच हाय, पावणं. डोळ्याला लई चांगला."

"डोळ्यानं बघवंना झालाय की!"

पंगतीत सगळ्यांत जास्त हसली ती मावशीच. त्या माणसाचा मला संताप यायचा आणि त्याच्यावर माझा जीवही होता.

पुढे मावशीला डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो. त्यांनी तपासून स्पष्टच सांगितलं, "गाजर खा, तब्येतीला चांगलंच आहे. पण हा आजार गाजरानं हटणारा नव्हे. गेलेली नजर आता परत यायची नाही." रिक्षात बसल्यावर मावशी म्हणाली, "ह्यांस्नी सांगू नगंस. त्यांचा धीर सुटंल."

घरी आलो तर पानं मांडलेली. काकांनी तिच्या ताटात कोशिंबीर वाढली आणि रोजच्यासारखं विचारलं, "कालच्यापरास बरं दिसतंय न्हवं तुला?"

मावशीनं बोटांनी चाचपून घास उचलला आणि त्यांच्या आवाजाच्या रोखानं हसली. "व्हय की. आज दाढी केली न्हाईसा, त्ये बी दिसतंय."

काका सकाळीच न्हाव्याकडे जाऊन आले होते. त्यांनी आपल्या गुळगुळीत गालावरून हात फिरवला आणि म्हणाले, "व्हय गं, ऱ्हायलीच की आज."