पेत्राची सासू आणि माझी

माझी सासू भागीरथीबाई तीस वर्षं नौपाड्यात मासळी विकत बसली. जीभ अशी, की गिऱ्हाईक भाव करायच्या आधीच शरण यायचं. गेल्या साली तिला चिकनगुनिया झाला. ताप आठवड्यात उतरला, पण सांधे धरले. मी आणि माझी बायको कल्पिता तिला चेंदणीला आमच्या घरी घेऊन आलो आणि कुठल्याही कामाला हात लावायचा नाही, अशी तंबी दिली. उठायला लागली की मी तिला खांद्यांना धरून पुन्हा निजवायचो. काय गुणी जावई आहे मी, असं मला वाटायचं.

दोन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, आता त्यांना थोडं काम करू द्या. आम्ही ऐकलं नाही. ती बोलेनाशी झाली. भांडत नव्हती, हे मला बरं लक्षण वाटलं, एवढा मी अक्कलवंत. एकदा ती कल्पिताला म्हणाली, "जावयाच्या घरात पाहुनी म्हनूनच मरनार मी."

शेजारच्या सगुणाताई नर्स आहेत. एका रविवारी त्या चर्चमधून थेट सासूला भेटायला आल्या आणि तिथं ऐकलेली गोष्ट सांगू लागल्या. पेत्र नावाचा एक कोळी होता, त्याची सासू तापानं फणफणली होती. येशूनं तिचा हात धरून तिला उठवलं. ताप गेला, आणि ती लगेच सगळ्यांना जेवायला वाढू लागली.

मी तडकलो. "म्हणजे तापातून उठली नाही तोच कामाला जुंपली? घरात दुसरं कोणी नव्हतं?"

"तिला कुनी जुंपली नाय," सासू अंथरुणातून म्हणाली. "ती बरी झाली, म्हनून तिनं वाढलं. दिपेश, हात दे मला."

मी सवयीनं तिचे खांदे धरायला वाकलो.

"हात," ती म्हणाली.

मी हात दिला. खरं सांगतो, लाज वाटली मला.

त्या दुपारी तिनं विळीवर बोंबील कापले. बोटं वळत नव्हती, अर्धा तास लागला. कल्पिता दारात उभी राहून रडली, पण मदतीला गेली नाही. कालवण झालं. सासूनं मला वाढलं आणि माझ्या तोंडाकडे बघत बसली.

"मीठ कमी आहे," मी बोलून गेलो. ती आजारी पडल्यापासून मी तिला पहिल्यांदाच नावं ठेवली होती.

तिचा चेहरा खुलला. "मग उठून घे की. तुला काय हात नाय?"

मी उठलो. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.