आयरिश पबातली दाद

नेदरलँड्समधल्या आमच्या हूफडॉर्प गावच्या मराठी मंडळींत संगीतातले जाणकार एकच. कोरोनाचे निर्बंध सैल होताच लसीचे क्यूआर कोड दाखवत त्यांनी आम्हाला आयरिश पबात नेलं. "इथे पिनड्रॉप सायलेन्स लागतो. आपली अब्रू सांभाळा," असं त्यांनी बसमध्येच बजावलं होतं.

गायिकेने संथ विरहगीत धरलं. पब श्वास रोखून ऐकत होता. पुण्याच्या मैफलींत मुरलेल्या आमच्या जाणकारांना मात्र राहवलं नाही. मांडीवर थाप मारून ते गरजले, "क्याऽऽ बात है!"

गायिका दचकून थांबली. सगळ्या माना आमच्या टेबलाकडे वळल्या. जाणकार सावकाश माझ्याकडे वळले आणि खणखणीत इंग्रजीत म्हणाले, "प्लीज, लेट हर सिंग!"

मीही गाढवासारखा उभा राहून सॉरी म्हणालो.

त्यांच्या बायकोने माझ्यापुढे चिप्स सरकवल्या. "खा, भावजी. मला बावीस वर्षं झाली."