‘रानटी’ या शब्दाचा अर्थ

गुरुजींनी फळ्यावर ‘रानटी’ लिहिलं आणि अर्थ विचारला. मग त्यांनी मला उभं केलं.

“बघा रे हिच्याकडे. रानटी म्हणजे हे.”

वर्ग हसला. ते हसू थांबेपर्यंत मी उभीच.

एकोणीसशे पन्नास-पंचावन्नच्या सुमाराची गोष्ट. समुद्रपूरच्या शाळेत सातवीला एक छोटी कादंबरी लावली होती. जमीनदाराचा मुलगा जंगलात वाट चुकतो, लाकडं तोडणारी एक बाई त्याला पाणी पाजते. लेखक तिला पानोपानी ‘रानटी बाई’ म्हणतो. नाव देत नाही. माझी आईही मोळ्या विकायची. आम्ही गोंड. वर्गात गोंडाची मी एकटी. बसायचं शेवटी, भिंतीजवळ, वेगळं.

घरी आम्ही गोंडी बोलायचो. त्या शब्दाला गोंडीत काय म्हणावं, मला सुचेना. आईला सांगितलं, पोट दुखतं. बापाला खरं सांगितलं. तो चुलीकडे बघत म्हणाला, “गुरुजी हाय तो. मान खाली घालून शिकजो.”

घातली मान खाली. पुस्तकातच घातली. तो पाणी पाजण्याचा प्रसंग वाचून वाचून तोंडपाठ झाला.

मग प्रश्नोत्तरं आली. रानटी बाईने मुलाला पाणी का दिले? गुरुजींनी उत्तर सांगितलं : बक्षिसाच्या आशेने. सगळे लिहू लागले. मी उठले.

“गुरुजी, पुस्तकात बक्षिसाचं नाई लिवलं. त्याले तहान लागलती, म्हणून तिनं पाणी देल्लं.”

“मग लेखक तिला रानटी का म्हणतो?”

“त्यानं तिले इचारलंच नाई.”

हातावर छड्या बसल्या. माफी मागेपर्यंत वर्गाबाहेर बसायचं, असं ठरलं. मी पडवीत बसून आतला धडा ऐकायची. रोज बोरं देणारी कमल शेजारून जाताना तोंड फिरवायची. पोरं गेल्यावर पडवीत मी आणि भिंत. बाप येऊन गुरुजींपुढे हात जोडून गेला. वाटेत मला म्हणाला, माफीचा एक शब्दच तर हाय, बोलून टाक. मी त्यालाही नाही म्हटलं. त्या दिवसापासून घरातही कोणी माझ्याशी धड बोलेना.

परीक्षेपुरतं मला आत बसू दिलं. तोच प्रश्न आला. गुरुजींचं उत्तर मला येत होतं. मी माझं लिहिलं. शून्य मिळालं.

आज विचारा. तेच लिहीन. आमच्या मनात काय आहे हे आम्हाला न विचारता कोणी सांगू लागला, की मी उठणार. सोबतीला कोणी नसलं तरी उठणार.